फेस येईपर्यंत

सौंसरमधल्या समस्त आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना आणि आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या बाबांनी कपडे धुवायला घेतले आहेत.

आई गेली त्या हिवाळ्यानंतरची ही गोष्ट. बाबा कचेरीतून निवृत्त झालेले. साबणाला हात लावला असेल तो अंघोळीच्या. मी पांढुर्ण्याहून बसने पोचले तेव्हा अंगणात त्यांचे शर्ट वाळत होते, असं म्हणणं शर्टांवर अन्याय होईल. ते बाह्या पसरून उभे होते, सत्कार स्वीकारायला आल्यासारखे.

आमच्या बोअरचं पाणी खारं. बादलीच्या काठाला पांढरी खपली धरते, तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाचा फेस व्हायच्या ऐवजी नासक्या दुधासारखा चोथा तरंगतो. अशा पाण्यात पावडर टाकताना हात आखडायचा आणि कपडा खळबळताना कंटाळा करायचा नाही, हे आईचं शास्त्र. बाबांचं नेमकं उलटं. फेस दिसला नाही की आणखी मूठभर.

"बाबा, थोडीच टाका ना. मंग ते कपड्यातून निंगत नाही."

"फेसच येऊन नाही राहिला, त मळ का मंतर मारून जाईन?"

शर्टांसाठी मी एवढी धावत आले नसते. प्रश्न आईच्या पांढऱ्या साडीचा होता. बुद्धपौर्णिमेला ती नेसून आई विहारात पुढच्या ओळीत बसायची. यंदा ती साडी मी नेसावी, आईची जागा रिकामी राहू नये, ही बाबांची इच्छा. आणि साडी आपणच धुणार, हा हट्ट. मी येण्याआधी त्यांनी ती कितीदा धुतली होती कोण जाणे.

मी नेसून पाहिली. निऱ्या घालायचा त्रासच नाही, त्या जिथल्या तिथे ताठ. मी ऐटीत एक गिरकी घेतली.

"बाबा, हिले माह्यी गरजच नाही. एकटी चालत जाईन विहारात."

बाबा हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा. मग मी मान खाजवली, मग कंबर. कातडी लालभडक झाली होती, आणि पदरावर पावडरीचे राखाडी ओघळ उजेडात साफ दिसत होते. बाबांचं हसू विझलं.

"तिच्या अंगावर त अशी नव्हती," ते म्हणाले. "म्या खराब केली का वं?"

मी साडी सोडून तिची घडी घालायला घेतली.

रामाकोना आईचं माहेर. दर पौर्णिमेआधी ती पांढऱ्या कपड्यांचं गाठोडं घेऊन तिथे कन्हान नदीवर जायची. 'धुणं कायचं, भावाकडे गप्पा हाणाले चालली,' असं बाबा गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच गाठोडं बांधलं, शर्टही घातले त्यात, आणि बसमध्ये ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

उन्हाळ्यातली कन्हान बारीक, पण वाहती. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. साबण नाही, पावडर नाही. नुसती साडी बुडवली आणि तिच्यातून फेस निघायला लागला. घरी ज्याची आराधना केली तो सगळा फेस, ढीगभर, धारेबरोबर वाहत जाऊ लागला. बाबा खळबळत राहिले. पाणी नितळ झालं तरी राहिले. साडी पहिल्यासारखी पांढरी झाली नाही, पण मऊ पडली. त्यांनी ती गालाला लावून पाहिली. मी बघितलं नाही असं दाखवून त्यांचे शर्ट काठावरच्या दगडांवर पसरायला गेले.

ओली साडी एकट्याने पिळता येत नाही. घरी आई अंगणातून हाक मारायची, आणि बाबा 'अवं, आलो ना' म्हणत, पेपर काखेत धरून साडीचं दुसरं टोक पकडायचे. धुण्यातलं त्यांचं काम तेवढंच.

मी मागे वळले. त्यांनी साडीचं एक टोक मनगटाला गुंडाळलं होतं आणि दुसरं समोर धरलं होतं, जिकडे नुसतं पाणी होतं. मान खाली, नजर कापडावर.

"अवं, धर ना," ते म्हणाले. "किती वेळ उभा ठेवतं मले?"