निशिगंधाच्या गालावरचा तीळ

चतुराबाईंच्या पायाला भिंगरी आहे. नारायणगुड्याच्या शाळेत त्या आया आहेत. बसायला स्टूल दिलं तर त्यावर पिशवी ठेवून स्वतः फिरतात. नवरा गेल्यावर याच धावपळीवर त्यांनी लेकीला, निशिगंधाला, शिकवून बँकेत लावलं. शेजारीण म्हणून मला त्यांचं कौतुक आहे. पण काही आहे तसं राहू देणं या बाईला जमत नाही, तिथे माझं डोकं फिरतं.

निशिगंधाच्या गालावर जन्मापासून मसुराएवढा तीळ. नांदेडचे पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर चतुराबाईंनी माहेरचा उपाय काढला, चुना आणि सोडा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरीची आईच उतावळी! पोरगी कळवळली. तीळ गेला, पाहुणे नकार देऊन गेले, आणि काही महिन्यांत त्याच जागी वेडावाकडा डाग उगवला, कुठे काळा, कुठे तपकिरी.

"अम्मा, इसपे कुछ लगाए थे क्या?" कातडीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"कुछ नै साब." आईनेच गाल जाळला असं लोक म्हणतील, या धास्तीने त्या खोटं बोलल्या. निशिगंधाही आईसाठी गप्प राहिली.

डागाचा तुकडा काढून तपासला. पेशी बिघडलेल्या होत्या, कर्करोगाची सुरुवात वाटत होती. गाल बराच कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग चतुराबाईंनी घासलेली भांडी पुन्हा घासली, बेगम बाजारला जाऊन रिकाम्या हाताने परतल्या, जेवत्या ताटावरून उठल्या. शेवटी मला ओढत दवाखान्यात घेऊन गेल्या.

"चुना लगाई मैं साब. मैंच जलाई."

डॉक्टर भडकले. भाजलेला तीळ परत उगवला की कर्करोगासारखाच दिसू शकतो, हे आधी सांगायला नको होतं का? नमुना दुसऱ्या तज्ज्ञांनी पाहिला. बिघडलेल्या पेशी फक्त भाजल्याच्या व्रणावर होत्या. खाली आणि कडेला साधा तीळ. कर्करोग नव्हता. उरलेला डाग छोट्याशा छेदाने काढला, अधूनमधून दाखवायला सांगितलं.

"सुटलो गं बाई!" दवाखान्याबाहेर चतुराबाई रडत-हसत म्हणाल्या.

निशिगंधाने गालावरची पट्टी चाचपली. "आई, पप्पांना पण इथंच तीळ होता ना? त्यांचं माझ्याकडं तेवढंच होतं."

चतुराबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या.