कावळा शिवलेला कारकून

निलगिरीच्या तेलाचा वास आला की धाराशिवची ती पत्र्याची खोली आठवते आणि माझं डोकं आजही फिरतं. फ्लूची साथ आली त्या साली आम्ही तिघं दोस्त तिथं राहायचो. मी कचेरीत कारकून, एक शाळामास्तर, एक कोर्टात नकलनवीस. पहिला ताप मला आला. डॉक्टरांनी बजावलं, कुणाला शिवू नका. म्हणून मी रुमालावर ते तेल शिंपडून कोपऱ्यात घोंगडी टाकली, तांब्या वेगळा केला, तर मास्तर म्हणतो, "ह्याला कावळा शिवला की रं." पाळी आलेल्या बाईबद्दल बोलायचं ते बोलणं, संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं. खानावळीचा माणूससुद्धा डबा ठेवताना विचारी, "अजून बाजूलाच का?" वैतागून मी घोंगडी उचलली आणि त्यांच्यात जाऊन बसलो. मास्तरानं खुशीत आपल्या कपातला चहा मला बशीत दिला. मी सावरलो तोवर दोघंही आडवे. मास्तर कण्हत म्हणाला, "पाणी दे की." मी तांब्या उंच धरून धार सोडली, म्हणालो, "वरूनच पी. शिवू नको." तेवढ्या तापातही तो हसला आणि सगळं पाणी अंगावर घेतलं. आता ते दोघंही नाहीत. करोनात नातीनं माझं ताट दाराबाहेर ठेवलं, तेव्हा मी आतून म्हणालो, "मला कावळा शिवलाय गं." ती म्हणाली, "आजोबा, मग खिडकी लावून घ्या ना."