मुलाखत धुळ्यात, बोलणं स्टँडवर

खानदेशात जायचं तर थंडीत जा. भरताची वांगी तेव्हाच खरी मिळतात, आणि उन्हाळ्यात तिकडे लग्न किंवा बदली असल्याशिवाय कोणी जाऊ नये. मी गेले ती नव्वदच्या दशकातली थंडी. माझ्या पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघणार होती आणि तोवर तिच्याबद्दल 'छान' यापलीकडे एक शब्द मला कोणी सांगितला नव्हता. शेवट मलाच खुपत होता. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली मुलगी काही वर्षांनी माहेरी येते आणि बाप दार उघडून तिला जवळ घेतो. हे खरं वाटतं का, एवढंच कोणीतरी सांगावं, म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या प्रकट मुलाखतींना हो म्हटलं आणि नाशिकहून रेल्वेत बसले.

जळगावला स्टेशनजवळ स्वस्त लॉज भरपूर होते. गरम पाणी मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेवावं लागे. वाचनालयातल्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला, "घर सांभाळून लेखन कसं जमतं?" दुसरा, "मिस्टरांचा पाठिंबा?" पुस्तकावर एकही नाही. टाळ्या मात्र कडकडून. मग यावल रस्त्यावरच्या केळीच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी भांड्यात ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. त्या भरतासाठी पुन्हा जाईन. मुलाखतीसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळे. एरंडोल, पारोळा करत अडीच-तीन तास लागतात. खिडकीची काच बसत नव्हती, तेव्हा कानाला काही बांधायला घ्या. हाच रस्ता पुढे सुरतेला जातो.

धुळ्यात साहित्य मंडळाचे अध्यक्ष नाना घ्यायला आले. पांढरंशुभ्र धोतर, खणखणीत आवाज. मुलाखत घेणार होते त्यांचेच चिरंजीव, कॉलेजात मराठी शिकवणारे सर. त्यांनी माझं सगळं वाचलंय म्हणे. मला वाटलं, चला, इथे काहीतरी निघेल. कसलं काय! "लेखनाची प्रेरणा?", "नवोदितांना संदेश?" सर माझ्याकडे बघतही नव्हते. शेवटी नानांनी शाल दिली आणि माइकवरच अहिराणीत म्हणाले, "ताई, मी बठ्ठं पुस्तक वाचं. शेवट भलता गोड शे!" सभागृह खूश. मला ती शाल तिथेच टाकून निघून जावंसं वाटत होतं.

दुपारी सर स्टँडवर पोचवायला आले. नाशिकची गाडी लागली, मी खिडकीत बसले. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि सर खालून म्हणाले, "ताई, तुमचा शेवट खोटा आहे."

मी पिशवी उचलली. कंडक्टर वैतागला, "ओ ताई, बसनं शे का उतरनं शे?"

उतरले. कॅन्टीनमध्ये चहा मागवला आणि सरांवर तुटून पडले. "हे स्टेजवर का नाही विचारलंत?"

"पाहुण्यांना असं विचारतात का? आणि नाना पहिल्या रांगेत होते."

"मग?"

"माझी बहीण अशीच परत आली होती. आम्ही दार उघडलं नाही. दोन तास ती बाहेर ओट्यावर बसून होती."

आम्ही, म्हणाले ते. मला नानांचा तो 'गोड' आठवला आणि अंगाची आग झाली. माझ्या पुस्तकाने त्या माणसाची आयती सोय करून ठेवली होती! ज्याने दार लावलं, त्याने माझ्या पुस्तकात ते उघडून घेतलं आणि वर मलाच शाल पांघरली.

मुलाखतीत विचारायचं एकाने आणि सांगायचं दुसऱ्याने. इथे विचारायची पाळी माझी होती. "बहीण कुठे असते आता?"

"सुरतेला. असं ऐकलंय."

"ऐकलंय म्हणजे?"

"कधी गेलो नाही."

"सुरतेची गाडी याच स्टँडवरून सुटते, सर."

त्यांना राग आला. पुस्तकं लिहिणं सोपं असतं म्हणाले. मी म्हटलं, मुलाखती घेणं त्याहून सोपं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती. दोन गाड्या गेल्या, तरी आम्ही भांडतच होतो.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, मुलाखती कशा झाल्या? वाईट, म्हटलं, आणि शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला बसले. दुसऱ्या आवृत्तीत ते दार उघडत नाही. धुळ्याहून पुन्हा बोलावणं आलं नाही. हल्ली मुलाखतकार विचारतात, शेवट का बदललात? मी म्हणते, कलेची गरज. टाळ्या पडतात.

आवृत्ती निघाल्यावर वर्षभराने सर नाशिकला आमच्या दारात उभे राहिले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "सुरतेला जाऊन आलो. तिनं दार उघडलं नाही."

"बरं केलं तिनं," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली. "पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे," म्हणाले.