विटाळ कापडाला, पोराला नाही

आमच्या घरी मुलांना कामाला लावायचं वय ठरलेलं होतं. दोन पायांवर उभं राहता आलं की झालं. वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते, आणि संध्याकाळी ओटीवर चार मंडळी जमली की मुलांना लहानपणीच कामाची गोडी कशी लावावी यावर तासतासभर बोलत. बोलून बोलून घसा कोरडा पडला की मला हाक मारत. पाण्याचा तांब्या त्यांच्या शेजारीच असे. तो उचलून त्यांच्या हातात द्यायचा, ही माझी गोडी.

पाच वर्षांची होते मी. देवाची फुलं, तुळशीचं पाणी, तांदळातले खडे, धाकट्याचा पाळणा, सगळं माझ्याकडे. त्याबद्दल तक्रार नाही. खडे निवडायला तर मला मनापासून आवडे. माझा राग आहे तो एकाच कामावर, आणि ते शोधून काढणाऱ्या शहाण्यांवर.

आई महिन्यातले तीन दिवस मागच्या पडवीत बाजूला बसे. तिला कुणी शिवायचं नाही. शिवलंच तर आडावर जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं. पण अंगावर कापड नसलेलं लहान पोर चाले. विटाळ म्हणे कापडाला चिकटतो, कातडीला नाही. तेव्हा आईकडे काही पोचवायचं असलं की माझ्या विधवा आत्याबाई, स्वयंपाकघरात त्यांचंच राज्य, माझा परकर उतरवत आणि हातात ताटली देत. परत आले की पुन्हा परकर. दिवसभर हेच. घरातल्या धडधाकट माणसांना यात काही विचित्र वाटत नसे.

एका थंडीत नेमका त्या तीन दिवसांत आईला हिवताप भरला. ती त्यातून उठली हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी रडगाणं गाते असं कुणाला वाटायचं. पण त्या दिवशी ती चटईवर नुसती थडथडत होती आणि पाणी मागत होती. वडील मागल्या अंगणात येऊन लांबच उभे राहिले.

"तिला विचार गं, कसं वाटतंय."

"बरं आहे म्हणावं," आई म्हणाली. वडिलांना ते ऐकू आलं होतं. तरी मी जाऊन सांगितलं.

"कपाळाला हात लावून बघ."

"गरम आहे," मी ओरडले.

"किती?"

आता पाच वर्षांच्या मुलीने काय सांगावं? "चुलीवरच्या भांड्याएवढं," म्हटलं. वडिलांनी गंभीरपणे मान डोलावली, जणू वैद्यानेच नाडी बघून सांगितलं होतं. कचेरीत साहेबापुढे बसून इंग्रजी लिहिणारा माणूस! त्यांच्या आणि त्या कपाळाच्या मध्ये एका आंघोळीचं अंतर होतं, आणि आड तिथेच अंगणात होता.

तांब्या मोठा, माझे हात लहान. निम्मं पाणी वाटेत सांडे, आईपर्यंत दोन घोट पोचत. आत्याबाई दारातून ओरडत, "अगं, नीट धर की! लक्ष कुठं असतं?" त्यांना सांडलेलं पाणी बरोबर दिसे.

दुसऱ्या सकाळी पाणी घेऊन गेले तेव्हा माझेच दात वाजत होते. आईने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि आपली गोधडी उचलून मला आत ओढलं.

"राहा इथंच," ती म्हणाली.

थोड्या वेळाने आत्याबाईंची हाक आली. मी गोधडीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "मी विटाळले."

"अरे देवा, कार्टी कापडात शिरली! ये बाहेर, आडावर आंघोळ घालते."

"नाही येत."

मला ओढून काढायचं तर मला शिवावं लागलं असतं. ते मला चांगलं कळत होतं, आणि फार आनंद झाला होता. आत्याबाई भरलेला तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि अंगणात उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे, माझ्या वडिलांकडे, बघू लागल्या. "अरे, आता पाणी कोण नेणार?"

आईही बघत होती. तशा तापात ती कोपरावर टेकून उठली, केस मागे सारले, पदर नीट केला. मलाही वाटलं, आता ते येणार. वडिलांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोरीवर टाकलं. एकदा आडाकडे पाहिलं. मग वहाणा घातल्या आणि घराबाहेर निघून गेले.

परत आले ते शेजाऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन. मला त्यांनी कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही. त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याची बंडी उतरवली, त्याला तांब्या धरायला दिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"शाब्बास. हळूहळू जा हं, बाळ."

बाळाने पहिल्याच पायरीवर तांब्या उपडा केला. आई पुन्हा आडवी झाली.