वकीलसाहेबांच्या नोट्रम्पवर माझा डबल

ऐका, पण मधे हसू नका. या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली, तरी सांगताना माझं डोकं तापतं. कुणावर तापतं, ते शेवटी तुमचं तुम्हीच ठरवा.

तेव्हा मी एम.एस्सी. करून एका कॉलेजात तासांवर शिकवत होतो आणि संध्याकाळी उचगावहून सायकल मारत कोल्हापुरातल्या ब्रिज क्लबात जायचो. क्लब म्हणजे एका मंगल कार्यालयाच्या माडीवरची चार टेबलं. मंडळी सगळी वकील, डॉक्टर, पेढीवाले. तीस-तीस वर्षं एकमेकांसमोर बसलेली. कोण कसल्या पानांवर काय बोली बोलतो, हे त्यांना पाठ. नव्या माणसानं विचारलं की उत्तर ठरलेलं, खेळता खेळता कळेल.

माझं रक्त खवळायचं. अहो, खेळ आहे की खाजगी मालमत्ता? आपल्या बोलीचा अर्थ समोरच्याला उघड करायचा, असा सरळ नियम आहे. मी महिनाभर भांडलो. वार्षिक सभेत पाऊण तास बोललो. शेवटी कंटाळून का होईना, ठराव झाला: प्रत्येक जोडीनं आपली पद्धत एका कार्डावर लिहायची आणि ते कार्ड टेबलावर ठेवायचं. मला वाटलं, क्रांती झाली.

माझा सगळ्यात जास्त राग होता वकीलसाहेबांच्या वन नोट्रम्पवर. ब्रिज येत नसेल तर एवढंच समजून घ्या. सगळ्या पानांत मिळून चाळीस पॉइंट असतात. ‘वन नोट्रम्प’ म्हणजे कुठलाच हुकूम न ठेवता मी सात हात करून दाखवतो. सरळमार्गी माणसं हे पंधरा ते सतरा पॉइंटांवर बोलतात. वकीलसाहेब आणि त्यांचे पार्टनर डॉक्टर बारावरच बोलून मोकळे व्हायचे. याला म्हणतात वीक नोट्रम्प. म्हणजे दुबळ्या पानांवर तुमच्या दारात आडवी गाडी लावायची. तुम्ही बोलावं तर एकदम वरच्या पायरीवरून बोलायचं, गप्प बसावं तर ते किरकोळीत डाव घेऊन जाणार. यावर एकच औषध, डबल. तुमचे सात हात होत नाहीत, लावा दुप्पट.

औषध माझ्याकडे होतं, पण पार्टनर होते आप्पा. शिवाजी पेठेतले, एसटीत कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. मी डबल दिला की आप्पा घाबरायचे आणि हातात जो लांब रंग असेल तो बोलून पळ काढायचे. समोरच्याला दंड बसायच्या ऐवजी आम्हीच खड्ड्यात. असं तीनदा झाल्यावर मी त्यांना खालच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि विश्वास या विषयावर व्याख्यान दिलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला. पार्टनरचा डबल म्हणजे दगडावरची रेघ, पुन्हा पळालात तर मी दुसरा पार्टनर बघेन, असं स्पष्ट सांगितलं. आप्पा चहा संपवून म्हणाले, “बरं बाबा. न्हाय पळत.”

एवढा आटापिटा कशासाठी? त्या वर्षी क्लबाच्या स्पर्धेत पहिली येणारी जोडी पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होती. वीस वर्षं क्लबात खेळून आप्पा एकदाही गेले नव्हते. त्यांची मुलगी सुमन पुण्यात असते. आप्पांना खेळताना बघायचं म्हणून तिनं रजासुद्धा मागून ठेवली होती.

शेवटचा दिवस, शेवटची फेरी. आम्ही सगळ्यांच्या पुढे. समोर वकीलसाहेब आणि डॉक्टर. दोनच डाव राहिलेले. वकीलसाहेबांनी पानं लावली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “वन नोट्रम्प.”

माझ्या हातात पंधरा पॉइंट. मोजून पंधरा. दोन वर्षांचा राग एका शब्दात भरून मी “डबल” म्हणालो. खाली साखरपुडा चालू होता, तिथंही ऐकू गेलं असेल.

डॉक्टरांनी शांतपणे “रीडबल” म्हटलं. म्हणजे दुप्पटचं चौपट.

आता आप्पांची पाळी. ते पानांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. बोली चालू असताना पार्टनरला नजरेनं काही सांगणं ही ब्रिजमधली चोरी आहे. मी क्लबभर हेच सांगत फिरायचो. आणि मी आप्पांकडे असं बघितलं, की चौथीतलं पोरसुद्धा जागेवरून हललं नसतं.

“पास,” आप्पा म्हणाले.

सात हात करायचे होते, वकीलसाहेबांनी नऊ केले. चौपटीनं. आमची आघाडी गेली, वर कर्ज चढलं. शेवटच्या डावात ते फिटणं शक्य नव्हतं.

मी उभा राहिलो आणि पंचांना बोलावलं. सगळी टेबलं थांबली. मी सांगितलं, ही उघड फसवणूक आहे. बारा पॉइंटांवर बोलणारा माणूस आज सोळावर बोललाय आणि आम्हाला अंधारात ठेवलंय.

“कार्ड बघितलंस का?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“ठेवलंय कुठं कार्ड?”

“कोपर उचल.”

उचललं. कार्ड खालीच होतं. हरल्यावर जास्त दंड बसतो अशा डावाला व्हल्नरेबल म्हणतात. कार्डावर लिहिलं होतं, व्हल्नरेबल नसताना बारा ते चौदा, असताना पंधरा ते सतरा. खाली लाल शाईच्या दोन रेघा. तो डाव त्यांचा व्हल्नरेबल होता.

“तीस वर्षं हेच खेळतोय आम्ही,” वकीलसाहेब म्हणाले. “तू लिहा म्हणालास, म्हणून लिहिलं.”

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, अक्षर बारीक आहे. पंचांनी चष्मा खिशातच ठेवून ते हातभर लांबून वाचून दाखवलं.

मग उरले कोण? आप्पा. मी त्यांची पानं उलटी केली. बदामाची सहा पानं आणि सगळे मिळून एक पॉइंट.

“सहा बदाम हातात धरून पास? दोन बदाम म्हणता आलं नाही तुम्हाला?”

“पळायचं न्हाय म्हणालतास की तू,” आप्पा म्हणाले.

बाहेर आलो. मी सायकल ढकलत होतो, आप्पा शेजारून चालत होते. वकीलसाहेब, पंच, ठराव, अख्खा क्लब, सगळ्यांचा मी उद्धार करत होतो. आप्पा एका एसटीडी बूथवर थांबले आणि आत जाऊन त्यांनी पुण्याला फोन लावला. दार उघडंच होतं.

“सुमे, रजा काढू नगंस. न्हाय जमलं... न्हाय गं, पार्टनर चांगला हाय. पानंच वाईट आली.”

हे मात्र मला सहन झालं नाही. आपल्यावर अन्याय झालाय आणि हा माणूस तो झाकतोय. मी आत घुसलो, आप्पांच्या हातातून रिसीव्हर घेतला.

“सुमनताई, मी आप्पांचा पार्टनर बोलतोय. पानं अजिबात वाईट नव्हती. माझ्याकडे पंधरा पॉइंट होते.” आणि मग मी सुटलो. क्लबातली जुनी टोळी, नव्या माणसाला न सांगितलेल्या पद्धती, कोपराखाली सरकवलेलं कार्ड. एकेक मुद्दा. पलीकडून नुसतं हं, हं येत होतं.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “दादा, मला पत्त्यातलं काही कळत नाही हं. पण त्या वकिलांचा नोट्रम्प व्हल्नरेबल असला की भारी असतो ना? आप्पा मागच्या रविवारी फोनवर तेच घोकत होते. म्हणाले, हे पोराला सांगायचंय, पण तो बोलायचा थांबतच नाही.”

मी काचेतून बाहेर बघितलं. आप्पा माझी सायकल धरून उभे होते.

“ताई,” मी म्हणालो, “आप्पांना देऊ का फोन?”