ज्याची त्याची पट्टी

मंगळवारी सकाळी अण्णा वारले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत घरी आले.

याला दीड महिना झाला. अण्णा माझे वर्गमित्र. विद्यापीठात संगीतोपचाराच्या अभ्यासक्रमाला आम्ही एकदमच प्रवेश घेतला. मी तेवीस वर्षांची, ते खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकसष्टीचे. पहिल्या दिवशी कारकुनाने त्यांना हटकलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." अण्णा म्हणाले, "माझे पालक केव्हाच वर गेले. आता थांबा म्हटलं तर ऐकायचे नाहीत." आणि माझ्या शेजारी येऊन बसले, ते दोन वर्षं तिथेच. चाळीस वर्षं पेटी वाजवलेला हा माणूस मेंदूच्या आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढायचा. या वयात नोकरीची तयारी कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "घरी बसून टीव्हीला सल्ले देण्यापेक्षा बरं."

प्रात्यक्षिकात मात्र ते नापास झाले. वृद्धाश्रमातल्या, पक्षाघातातून उठलेल्या एका बाईंना गातं करायचं होतं. बाईंनी अभंग सुरू केला, स्वर उतरत गेला आणि अण्णांचा हात वर झाला... "थांबा, थांबा. जरा वर घ्या." बाई थांबल्या त्या थांबल्याच. आमच्या मॅडम नंतर एवढंच म्हणाल्या, "अहो अण्णा, आपण शिकवणी घेत होतात."

त्या दुपारी सदाशिव पेठेतल्या हॉटेलात त्यांचा चहा तसाच निवला. कप बाजूला सारून ते म्हणाले, "आमची ही शेवटच्या वर्षी अंथरुणात पडून गुणगुणायची. मी बाहेरच्या खोलीतून सांगायचो, निषाद चढतोय. दोन-तीनदा सांगितलं असेल... मग तिने गुणगुणणं सोडलं. मला वाटलं, आजार वाढला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही खोड मोडायलाच इथे आलो होतो. आज पुन्हा तेच केलं." फेरपरीक्षा महिन्यावर आहे, एवढंच मी म्हणाले.

तो महिनाभर त्यांनी माझ्यावर सराव केला. मी बेसूर, त्यामुळे सोयीची. मी गायचे, ते माझ्या मागे मागे पेटीवर. अधूनमधून राहवायचं नाही. "काय घसरतेस गं! ठरवून कुणाला जमायचं नाही."

फेरपरीक्षेला त्याच बाई समोर आल्या. काळी दोनच्या पट्टीत सुरू झालेला अभंग बघता बघता पांढरी दोनवर उतरला. अण्णांची बोटं त्यांच्याबरोबर उतरली. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. अभंग पुरा झाला. बाई सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "आज... पेटी सुरात होती तुमची."

"हो," अण्णा म्हणाले, "आज होती."

पदवीनंतर त्यांनी त्याच वृद्धाश्रमात अकरा महिने काम केलं. आता ते काम माझ्याकडे आहे. आठवड्यातून दोनदा जाते. बाई गातात. मला पेटी बेताचीच येते; त्या सांभाळून घेतात.