सुरात आणलेलं गाणं

कॉलेजच्या मीडिया सेंटरमध्ये प्रवेश घेतला तेव्हा लोणी काळभोरमध्ये माझी ओळख ‘गाणारी’ अशीच होती. शाळेचं गॅदरिंग असो की कुणाची हळद, माईक माझ्याच हातात यायचा. माझे वडील, म्हणजे अण्णा, खराडीच्या एका आयटी कंपनीची बस चालवायचे. पुण्यातल्या या कोर्सला मला त्यांनीच घातलं. तिथे वर्गात बसणं कमी आणि हाताने करायचं काम जास्त. वायरी गुंडाळायच्या, माईक लावायचे, कॉलेजच्या रेडिओवर बोलायचं, आणि गाणं रेकॉर्ड करून लोकांपर्यंत कसं न्यायचं तेही शिकायचं.

पहिल्या वर्षी आमच्या गटाला एक अख्खं गाणं तयार करायचं होतं. चाल एका मुलाने बांधली. गाणार कोण, असं सरांनी विचारायच्या आतच मी हात वर केला.

काचेपलीकडच्या खोलीत मी डोळे मिटून गायले. छान झालं असं वाटलं. बाहेर आले तेव्हा सरांनी गिटार, तबला सगळं बंद केलं आणि नुसता माझा आवाज स्पीकरवर लावला.

गावात मागे ढोलकी असायची, समोर टाळ्या असायच्या. आवाज असा एकटा, उघडा मी कधी ऐकलाच नव्हता. प्रत्येक वरच्या सुराला तो जरासा खाली राहत होता. कुणी सांगायची गरजच नव्हती, मलाच ऐकू येत होतं.

“सूर आहेत हो,” सर म्हणाले. “फक्त या गाण्याचे नाहीत.”

सगळे हसले. मीही हसले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. “पुन्हा गाते, सर,” म्हटलं आणि गायले. ते आधीपेक्षा वाईट झालं.

मग गटातली एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली आणि माऊसने माझं एकेक अक्षर वर ओढू लागली. स्क्रीनवर माझ्या आवाजाची वाकडी रेघ सरळ होत गेली. ती अगदी प्रेमाने विचारत होती, “हे ठेवू की हेही बदलू गं?” तिच्या त्या प्रेमाने मला जास्तच मेल्यासारखं झालं.

गाणं तयार झालं ते खरंच सुंदर. अण्णांनी ते फोनवर मागून घेतलं. मी दिलं, पण सूर कसे बसवले ते सांगितलं नाही.

काही दिवसांनी त्यांच्याच कंपनीत आमच्या सेंटरचं छोटंसं शूटिंग होतं. अण्णांनी परवानगी काढून मला बसमधून नेलं. हडपसर मागे पडल्यावर त्यांनी गाणं लावलं. अण्णा ते रोज लावत असावेत, कारण बसमधल्या लोकांना ते चांगलंच पाठ होतं. दोघीतिघी गुणगुणायला लागल्या.

“हीच माझी पोरगी,” अण्णा आरशात बघत म्हणाले. “हिनंच गायलंय.”

“अय्या, हो? दोन ओळी गा ना, प्लीज!” मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली. अण्णांनी लगेच गाणं बंद केलं. लोकांनी कानातले इयरफोन काढले.

घसा दुखतोय म्हणता आलं असतं. पण अण्णा आरशात बघत होते. मी गायले. वरचा सूर आला आणि तो खाली राहिलेला मला स्पष्ट ऐकू आला. दुसऱ्या ओळीवर थांबले. “नाईस,” ती बाई म्हणाली आणि तिने इयरफोन परत कानात घातले.

संध्याकाळी अण्णा बसची काच पुसत होते. मी म्हटलं, “अण्णा, ते गाणं कॉम्प्युटरनं सरळ केलंय. माझा आवाज तसा न्हाई.”

“म्हंजी? दुसरीचा आवाज हाय का त्यो?”

“माझाच हाय. पण सुरात नव्हता. त्यांनी वर ओढून बसवला.”

त्यांनी फडकं बादलीत पिळलं. “मग तुझाच हाय की,” म्हणाले आणि पुन्हा काच पुसायला लागले. त्यानंतर गाणं बसमध्ये वाजत राहिलं. बंद करा म्हटलं तर म्हणायचे, “बस मी चालवतो.”

पुढच्या वर्षी मी गाणं सोडून रेकॉर्डिंगचा विषय घेतला. त्याच वर्षी गणपतीत गावच्या मंडळाने मला न विचारताच माझं गाणं जाहीर केलं. लाउडस्पीकरवर दोनदा पुकारा झाला. मी घरी आतल्या खोलीत दार लावून बसले होते. अण्णा उठून मांडवात गेले.

थोड्या वेळाने परत आले. आई स्वयंपाकघरात होती. तिला ते हळू आवाजात सांगत होते, “तिचा घसा बसलाय म्हनून सांगून आलोय. कुनी इचारलं तर तूबी त्येच सांग.”

जेवताना माझ्या ताटाशेजारी आईने गरम पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी मान खाली घालून ते पाणी प्यायले.